आईच्या हातातलं काम काढून घेण्याआधी

घरातल्या ज्येष्ठाला ‘एमसीआय’ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्याभरात घरात ठरावीक हालचाली सुरू होतात. एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात जातं. स्कूटरची किल्ली कपाटात. स्वयंपाकाला बाई लावली जाते. सगळं काळजीपोटीच होतं, पण डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्या ते नेमकं उलट असतं.

एमसीआय म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. वयाच्या मानाने स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती जास्त उणावली आहे, चाचणीत ते दिसतंही, पण माणूस आपला रोजचा व्यवहार स्वतः सांभाळतो. हे शेवटचं वाक्य निदानाचाच भाग आहे. रोजच्या व्यवहारासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागलं की मग डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा विचार करतात. मेमरी क्लिनिकमध्ये येणाऱ्या एमसीआयच्या रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के लोक डिमेन्शियाकडे सरकतात. बरेच जण वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतात आणि काही जण तर पुढच्या तपासणीत पुन्हा नॉर्मल निघतात. आपली आई यातल्या कुठल्या गटात आहे हे पहिल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा पुढची काही वर्षं ती स्वतःचं घर स्वतः चालवणार आहे असं धरूनच तयारी करायची. ती कशी, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. घरात हा विषय नव्याने आला आहे अशा मुलाला, सुनेला, लेकीला किंवा नवऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून.

पहिली पायरी: दुरुस्त होण्यासारखं काही सुटलंय का?

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. ते पुढे एमडी फिजिशियन, न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. खासगी फी परवडत नसेल तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे सकाळी लवकर जायचं आणि अर्धा दिवस जाणार असं धरूनच जायचं. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर ५ लाखांपर्यंत उपयोगी पडतं. बाहेरच्या तपासण्या मात्र त्यात बसत नाहीत.

विसराळूपणामागची बरीच कारणं उपचारांनी सुधारतात. थायरॉइड कमी असणं, सोडियम उतरणं, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणं, कमी ऐकू येणं. आणि बी-१२. बी-१२ मिळतं फक्त प्राणिज अन्नातून, त्यामुळे शाकाहारी घरात सगळी मदार दूध-दह्यावर असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी साधारण दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं होतं. त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ते आणखी खाली जातं. म्हणून रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) लिहिलेलं आहे ना, हे बघून घ्या.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. सगळ्या म्हणजे सगळ्या: मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी, शेजारच्या काकूंनी सुचवलेलं चूर्ण, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली आणि अजून चालू असलेली झोपेची गोळी. अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या गोळ्या, क्लोरफेनिरामाइन असलेली सर्दीची औषधं, लघवीवर नियंत्रण ठेवणाऱ्या काही गोळ्या यांनी म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं, गोंधळतं. पण त्या स्वतःहून एकदम बंद करू नका. झोपेची गोळी अचानक थांबवली तर निराळाच त्रास होतो. ती हळूहळू डॉक्टरच उतरवतील.

चाचणीच्या वेळी चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत हवं. स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या एमएमएसई आणि एमओसीए या दोन्ही चाचण्या ३० गुणांच्या असतात. घड्याळ काढायला लावतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. प्रश्न नीट ऐकूच आला नाही तर गुण जातातच. चाचणी मराठीतून घ्या असं सांगायला संकोच करू नका, आणि शिक्षण किती झालंय तेही सांगा, कारण गुणांचा अर्थ त्यावर ठरतो. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीचे २४ आणि निवृत्त प्राध्यापकाचे २४ यांचा अर्थ एक नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापेक्षा निराळी. काल-परवापर्यंत नीट असलेला माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळला, बरळू लागला, किंवा तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली, तर तो एमसीआय नव्हे. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

दुसरी पायरी: काम कुठे अडतं ते शोधा

ही पायरी लोक गाळतात. ‘आईला आता बिलं भरणं जमत नाही’ हे वाक्य ऐकलं की मी विचारते, त्यातलं काय जमत नाही? वीजबिल आलेलं कळणं, शेवटची तारीख लक्षात राहणं, रक्कम वाचणं, पैसे भरणं, पावती जागेवर ठेवणं: एवढी कामं एका बिलात असतात. बहुतेकदा यातलं एखादंच अडतं, आणि ते तारखेचं असतं. मग बिल आल्या दिवशीच भिंतीवरच्या कालनिर्णयवर शेवटच्या तारखेच्या चौकटीत लाल पेनाने रक्कम लिहायची. एवढंच करा. पैसे तीच भरू दे.

यासाठी दोन आठवडे नुसतं बघा. मदत करू नका, टोकू नका, परीक्षा तर मुळीच घेऊ नका. काय, कधी, कुठे अडलं ते तारखेसह वहीत टिपून ठेवा; हीच वही पुढे डॉक्टरांना तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते. दूध उतू जाणं टिपायची गरज नाही, ते सगळ्यांच्याच घरी उतू जातं. चाळीस वर्षं पुरणपोळ्या करणाऱ्या बाईचा ‘आधी डाळ शिजत घालायची की कणीक भिजवायची’ हा क्रम हुकला तर ते टिपा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणंही सोडून द्या. हातातला रिमोट कशासाठी आहे हे क्षणभर कळेनासं झालं तर मात्र लिहा.

वस्तूंना एकच ठरलेली जागा द्या. किल्ली, चष्मा, फोन, पाकीट हे सगळं दाराजवळच्या एका ट्रेमध्ये. वही एकच. निरोप कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहायचे नाहीत. चिठोऱ्या दहा झाल्या की त्यांचाच गोंधळ होतो.

पैसा

इथेच सगळ्यात आधी घसरण दिसते आणि भांडणंही इथेच होतात. माझं मत स्पष्ट आहे: एटीएम कार्ड काढून घेण्याऐवजी त्यामागच्या खात्यातली रक्कम कमी करा. महिन्याच्या घरखर्चापुरतं एक वेगळं खातं ठेवा. कार्ड आणि यूपीआय दोन्ही त्या खात्यालाच जोडा. पेन्शन आणि मुदतठेवी दुसऱ्या खात्यात, ज्याला यूपीआय नाही. चूक झालीच तर ती चार-पाच हजारांची होईल, आयुष्यभराच्या बचतीची नाही. आणि आईच्या पाकिटात स्वतःचं कार्ड राहील.

बँकेत एकदा दोघांनी मिळून जा आणि ही कामं उरकून घ्या: खाती ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने (दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवू शकेल अशी) संयुक्त करणं, सगळीकडे नॉमिनी लावणं, व्यवहाराचे एसएमएस तुमच्याही नंबरवर येतील का ते विचारणं. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच बँकिंग द्यावं असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत ‘असं काही नसतं’ असं उत्तर मिळालं तर शाखाधिकाऱ्यांकडे जा. काउंटरवर मात्र बोलायचं आईने. ‘आई, तू सांग त्यांना, मी नुसती शेजारी बसते,’ एवढं म्हणायचं आणि खरंच गप्प बसायचं. पुणेरी काउंटरवर ते सोपं नसतं.

पासबुक भरून आणायची सवय असेल तर ती मोडू नका. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणणं, मग चहा घेत एकेक नोंद वाचणं यात चुकीचे व्यवहार सापडतात आणि आईचा पैसा आईच्या नजरेखाली राहतो.

फसवणुकीबद्दल एक नियम फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा: ‘पैशांबद्दल बोलणारा फोन आला की आधी ठेवायचा, मग घरच्यांना लावायचा.’ पोलीस असल्याचं भासवून फोनवरच ‘अटक’ करणारा ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात नाही, हे आधीच, शांतपणे, दोन-तीनदा बोलून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करायची. जितका उशीर, तितकी रक्कम परत अडवणं कठीण.

गोळ्या

सोमवार ते रविवार आणि सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेली डबी मेडिकलमध्ये मिळते. ती आणा. रविवारी सकाळी डबी आईने भरायची, तुम्ही बघायचं. तिला ते जमेनासं झालं की तुम्ही भरायची, पण घ्यायच्या तिनेच. रिकामा कप्पा बघून घेतल्या की नाही ते कळतं, त्यामुळे ‘गोळी घेतलीस का?’ हा दिवसातून चार वेळा विचारला जाणारा प्रश्न बंद होतो. इन्शुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र इतकी मोकळीक नको. तिथे दुसऱ्या माणसाची नजर हवीच, कारण दोनदा घेतल्या गेल्या तर जिवावर बेतू शकतं.

स्मरणशक्तीच्या गोळीबद्दल लोक हमखास विचारतात. डोनेपेझिलसारखी औषधं अल्झायमर्सच्या डिमेन्शियात देतात. एमसीआयमध्ये त्यांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. डॉक्टरांनी गोळी दिली नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. जाहिरातीतल्या ‘ब्रेन टॉनिक’चे पैसे श्रवणयंत्रासाठी बाजूला ठेवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डिमेन्शियावर नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्यासारखे १४ धोके मांडले आहेत, त्यांत कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आणि एकटेपणा हे सगळे आहेत. ‘नको ते यंत्र, म्हातारी दिसते मी,’ असं आई म्हणणार. तिला पटवण्यात दोन महिने गेले तरी चालतील.

बाहेर जाणं

पुण्यात वाट चुकण्याचं सगळं खापर मेंदूवर फोडता येणार नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये. ज्या खुणांवर माणूस चाळीस वर्षं वळत होता त्या खुणाच उरल्या नाहीत. गणपतीत लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद होतात, बस दुसरीकडूनच जाते. एरवी नीट फिरणारा माणूस अशा दिवशी अडकतो. म्हणून त्या दिवसांत एकट्याने पेठांत जायचं टाळा. बाकी वर्षभर जाऊ द्या.

ठरलेले रस्ते ठरवा: घर ते बाग, घर ते ज्येष्ठ नागरिक संघ, घर ते मंडई. प्रत्येक रस्त्यावर सुरुवातीला दोन-तीनदा सोबत चाला, पण एक पाऊल मागे, म्हणजे वळायचं कुठे हे त्यांना ठरवू द्या. पाकिटात एक कार्ड ठेवा: नाव, आजार, घरच्या दोघांचे नंबर. त्यावर पूर्ण पत्ता नको. फोनच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन नंबर टाका. लोकेशन शेअरिंग लावायचं असेल तर विचारून लावा. चोरून लावलेलं कधीतरी कळतंच, आणि मग फोनच घरी राहू लागतो.

पीएमपीएमएलचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, ज्येष्ठांचा सवलतीचा पास काढा. मेट्रो तर या आजारात बसपेक्षा सोयीची: मार्ग बदलत नाही, स्टेशनचं नाव मराठीत पुकारतात. फक्त सुरुवातीला गाडी बदलावी लागणार नाही असाच प्रवास निवडा. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना छेदतात. एक वर, एक जमिनीखाली, मध्ये सरकते जिने. तिथे तरणी माणसंही पाट्या शोधत उभी असतात. एसटीने गावी जाणाऱ्यांना ७५ च्या पुढे प्रवास मोफत आणि ६५ नंतर अर्धं तिकीट आहे. सोबत कुणी असलं तर तो आनंदही सोडू नये.

आणि स्कूटर. इथे मी बाकीच्या लेखापेक्षा कडक आहे. पैशाची चूक आपल्याला भोवते, गाडीची चूक रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला. गाडीवर नवे ओरखडे, ओळखीच्या चौकात चुकलेलं वळण, सिग्नल उशिरा लक्षात येणं: यातलं काही दिसलं तर मागे बसून एक फेरी मारा आणि बघा. शंका आली की ते डॉक्टरांकडून सांगवा, मुलाच्या तोंडून नको. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, तो एक सहज निमित्ताचा क्षण आहे. पण किल्ली घेण्याआधी पर्याय हातात द्या: पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग यांचे वाचणारे पैसे ‘रिक्षाचं पाकीट’ म्हणून वेगळे, दर महिन्याला, न विचारता. ‘बाबा, आता तुम्ही रिक्षानेच जा’ हे पैसे न देता म्हटलं तर बाबा बाहेर जाणंच बंद करतात.

स्वयंपाकघर

गॅसची भीती रास्त आहे, पण उपाय साधे आहेत. आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी चहा-दुधासाठी, टायमर कुकरसाठी. शिट्ट्या मोजण्यावर विसंबू नका. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद, हे काम घरातल्या एकाच्याच नावावर. गॅसचा वास आला तर सिलिंडरसाठी १९०६. स्वयंपाकाच्या मावशी असतील तर त्यांना विश्वासात घ्या. दोन दिवस भाजी फ्रिजमध्ये तशीच पडून आहे हे तुमच्या आधी त्यांना कळतं. चिरणं, निवडणं, फोडणी हे आईकडेच राहू दे.

कागदपत्रं, आत्ताच

मृत्युपत्र करताना माणूस ते समजून करतोय की नाही हे बघितलं जातं. एमसीआय असणारी व्यक्ती मृत्युपत्र करू शकते, पण वेळ हाताशी आहे तोवर करावं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्याच सुमारास डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन ठेवलं तर पुढचे वाद टळतात. मुखत्यारपत्रावर फार भिस्त ठेवू नका: देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यानुसार तेही संपतं, म्हणजे नेमकं जेव्हा हवं तेव्हाच उपयोगाचं राहत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांबाबत आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते आणि आपल्यासाठी बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. आणि फ्लॅट मुलांच्या नावावर करायची घाई कुणी करत असेल तर थांबा. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ असं दान रद्द करायला मदत करतं, पण त्यासाठी सांभाळण्याची अट दानपत्रात लिहिलेली असलेली बरी.

बोलणं

‘ओळख पाहू हा कोण?’ हा खेळ बंद. ‘आत्ताच सांगितलं ना तुला’ हेही बंद. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की तेच उत्तर तिसऱ्यांदा द्यायचं, किंवा ‘वहीत बघू या’ म्हणायचं. आणि पाहुण्यांसमोर तिच्या वतीने उत्तरं देऊ नका. शब्द सापडायला तिला वेळ लागतो, तेवढं थांबा.

व्यायाम, लोकांत मिसळणं आणि रक्तदाब-साखर आटोक्यात ठेवणं यांच्यावर जोर द्या. शब्दकोडी सोडवून मुख्यतः शब्दकोडीच चांगली सुटतात. बागेतला हास्य क्लब, भजनी मंडळ, पत्त्यांचा अड्डा यांत चालणं, ऐकणं, वाद घालणं, वेळेवर पोचणं हे सगळं एकत्र होतं.

मुलं दूर असतील, घर बदलणार असेल

मुलं परदेशात असतील तर एक लक्षात ठेवा: फोनवर दहा मिनिटं माणूस छान बोलतो, आणि त्यावरून काहीच कळत नाही. खरी माहिती वॉचमन, कामवाल्या मावशी, मेडिकलवाला यांच्याकडे असते. शेजारच्या एका घराला आईच्या समोर, तिच्या परवानगीने सगळं सांगून ठेवा आणि एक किल्ली तिथे द्या. पटकन सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, मन फार खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

दर सहा महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आंघोळ, कपडे, जेवण यांत मदत लागू लागली, किंवा ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली, तर सहा महिन्यांची वाट पाहू नका.

पुण्यात सध्या पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांत अशी माणसं बरीच आहेत, आणि त्यांच्यासाठी घर बदलणं हा मोठा धक्का असतो. तोही दोनदा: आधी भाड्याच्या घरात, मग काही वर्षांनी नव्या इमारतीत. जाण्याआधी नव्या जागी चार-पाचदा नेऊन आणा, चहा तिथेच करा. पलंग भिंतीच्या ज्या बाजूला होता त्याच बाजूला लावा, संडासाच्या दारावर मोठी पाटी आणि रात्रीचा दिवा. जुनं घड्याळ आणि तेच कपाट न्या, भले ते नव्या रंगाला शोभत नसो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्मरणशक्तीची चाचणी करून घेऊ नका, गुण उगाच कमी येतील. आणि बिल्डरच्या भाड्यात स्वतःचे थोडे पैसे घालावे लागले तरी भाड्याचं घर त्याच गल्लीत किंवा पलीकडच्या गल्लीत बघा, म्हणजे किराणावाला, मेडिकल, देऊळ आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा तोच राहतो.